पाहुणी पावडर

ओस्मुंड ब्रेन्ना काडतुसं भरायला बसला की त्याची बायको बोर्गहिल्ड रेडिओ बंद करते, कुत्र्याला बाहेर काढते आणि मग स्वतःही बाहेर पडते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने हे शिकून घेतलं. तळघरात त्याचं टेबल आहे, टेबलाला बोल्टने आवळलेलं हाताने दाबायचं यंत्र आहे, आणि काचेच्या पेटीत ठेवलेला वजनाचा काटा आहे. "तिथे श्वाससुद्धा विचारून घ्यावा लागतो," असं बोर्गहिल्ड म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. काट्यावर पावडरचे शेवटचे दाणे पडत असताना कोणी शिंकलं, तर ओस्मुंड ते सगळं परत डब्यात ओततो, पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि शिंकणाऱ्याकडे असा बघतो की पुढच्या वेळी तो माणूस सर्दी घरी ठेवून येतो.

मी सिग्ने. नदीच्या अलीकडे माझ्या मेंढ्या, पलीकडे ब्रेन्नांचं घर. मी आणि ओस्मुंड एकाच गटातून एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीला जातो. शिवाय गावच्या नेमबाजीच्या मैदानावर दरवर्षीची परीक्षा मी घेते, त्यामुळे सप्टेंबर महिन्यात लोक माझ्याशी फार गोड बोलतात. ओस्मुंड मात्र बाराही महिने सारखाच बोलतो, म्हणजे कमी.

तर पावडर. काडतुसात भरायच्या दारूला आम्ही नुसतं पावडर म्हणतो. ती पन्नास तऱ्हेची मिळते, कोणी ही वापरतं, कोणी ती. ओस्मुंडने तरुणपणी एक धरली आणि चाळीस वर्षं सोडली नाही. "लग्न आणि पावडर, दोन्ही एकदाच करायची," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आमच्यापैकी कोणी दुसरी आणून बघितली की तो मान हलवून म्हणायचा, "आज ही, उद्या ती. असल्यांच्या घरी जेवायला गेलात तर ताटात फ्रीजरमधला पिझ्झाच पडणार." आयुष्यभर बर्फ काढायचा ट्रक चालवला आहे त्याने. रस्ता एकच, वेळ एकच, दिशा एकच. स्वभाव तसाच झाला की स्वभाव तसा म्हणून ट्रक मिळाला, हे बोर्गहिल्डलाही सांगता येत नाही.

मग तिकडे पूर्वेला युद्ध पेटलं आणि पावडरच्या कारखान्यांनी तोफांकडे तोंड फिरवलं. आमच्यासारख्या वर्षाला मूठभर काडतुसं उडवणाऱ्यांना कोण विचारतो? दुकानातली पावडरची फळी आधी विरळ झाली, मग मोकळी पडली. फळी भकास दिसू नये म्हणून दुकानदाराने तिथे मासेमारीचे गळ मांडून ठेवले. ओस्मुंड दर आठवड्याला जायचा, गळांकडे बघायचा आणि परत यायचा. तो गळ का घेत नाही, असं नव्या नोकराने विचारलं म्हणे. मासे त्याला आवडत नाहीत.

त्या दिवसांत गावात एक गंमत झाली. आमच्याकडे दलदलीत पिकणारी ती पिवळी मुल्टेबेरी असते ना, तिची जागा कोणी कोणाला सांगत नाही. आई मुलीला सांगते, तीसुद्धा मरणाच्या दारात. पावडरचं तसंच होऊन बसलं. "तुझ्याकडे आहे का गं थोडी?" "कुठली बाई, डब्याच्या तळाशी खरवडतेय." सगळे खरवडत होते, आणि सगळ्यांच्या तळघरांना नवी कुलपं लागली होती. मीही तेच सांगत होते. माझ्याकडे ओस्मुंडच्याच जातीच्या पावडरचा एक डबा होता, सील न तोडलेला. माझा नवरा जाण्याआधी घेऊन ठेवून गेला होता. जॅमच्या बरण्यांमागे तो गप बसला होता आणि मीही त्याच्याबद्दल गप बसले होते.

शेवटी ओस्मुंडचा स्वतःचा डबा खरोखरच संपला. तो तालुक्याला गेला आणि दुकानात जी एकमेव होती ती पावडर घेऊन आला. तिचं नाव त्याने कधी उच्चारलं नाही. डबा घरात आणला तोसुद्धा कोटाच्या आतून. पण एक सांगते, काम त्याने चोख केलं. त्या पावडरचा किती भरायची याचा तक्ता मिळवला, सगळ्यात कमी मापापासून सुरुवात केली, एकेक पायरी चढत गेला. घाई नाही, अंदाज नाही. त्याचा भाचा एर्लेन आमच्या गटाचा म्होरक्या आहे, त्याने एकदा कॉफी पिता पिता सुचवलं, "मामा, जुनीतली बोटभर उरली असेल तर नवीत मिसळून टाक ना, तेवढीच पुरवणी."

ओस्मुंडने कप खाली ठेवला. "दोन पावडरी मिसळणाऱ्याचं थडगंसुद्धा दोन ठिकाणी बांधावं लागतं," तो म्हणाला. त्या दिवशी तो भाच्याशी पुढे बोलला नाही. बरोबर होतं त्याचं, हे गमतीत बोलायचं कामच नाही.

इथवर सगळं ठीक. गाडं अडलं ते दुर्बिणीशी. पावडर बदलली की गोळीला मिळणारा धक्का बदलतो, आणि गोळी पूर्वीच्या जागी न लागता वर किंवा खाली लागते. मग माणूस काय करतो? मैदानावर येतो, बंदुकीवरच्या दुर्बिणीचे दोन स्क्रू नाण्याने फिरवतो, चार गोळ्या झाडून बघतो आणि कॉफी प्यायला जातो. अर्ध्या तासाचं काम. ओस्मुंडच्या गोळ्या हातभर नाही, पण वीतभर तरी खाली लागत होत्या. मी म्हटलं, "स्क्रू फिरव."

"कशाला?" तो म्हणाला. "पाहुणी आहे ती. चार दिवस राहील, जाईल. पाहुणीसाठी कोणी घरातली चूल हलवतं का?"

झालं. तेव्हापासून त्या पावडरचं नाव पाहुणी पडलं. बोर्गहिल्ड तळघराच्या दारातून विचारायची, "पाहुणीला कॉफी हवी का?" चार दिवसांची पाहुणी दोन वर्षं राहिली आणि दुर्बीण होती तशीच राहिली. ओस्मुंड नेम वीतभर वर धरायचा. कधी धरायचा, कधी विसरायचा, आणि मागच्या वेळी विसरलो हे आठवलं की पुढच्या वेळी दोन विती वर धरायचा. त्याच्या कागदावर भोकं अशी पसरायची की जणू कोंबड्यांना दाणे टाकलेत. चुकलं की एकच शब्द. "पावडर."

पाहुणी आल्यानंतरच्या एका शरद ऋतूत त्याच्या समोर एक मोठा नर एल्क येऊन उभा राहिला. उभाच राहिला, म्हणजे फोटो काढून घ्यायला आल्यासारखा. ओस्मुंडने गोळी झाडली. एल्कने मान वळवून बघितलं आणि चालत निघून गेला. पळालासुद्धा नाही. ते बघून मला जास्त वाईट वाटलं. संध्याकाळी शेकोटीपाशी सगळे खाली बघत होते. "पावडर," ओस्मुंड म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मी सॉसेज तोंडात कोंबलं.

कारण प्रश्न साधा राहिला नव्हता. शिकारीत ओस्मुंड एल्कची वाट बघत दलदलीच्या कडेच्या मोठ्या खडकाशी उभा राहतो. त्याच्या आधी त्याचा बाप तिथेच उभा राहायचा. आमच्याकडे अशा जागा कोणी लिहून देत नाही. जो उभा राहतो त्याची जागा. एक वर्ष तिथे दुसरा उभा राहिला की त्याची झाली, मग परत मागणं बरं दिसत नाही. आणि दरवर्षीची परीक्षा पास झाल्याशिवाय शिकारीत बंदूक हातात धरता येत नाही. शंभर मीटरवर हरणाची आकृती, तिच्यावर मोठ्या ताटाएवढं वर्तुळ, पाच गोळ्या, पाचही आत. चार चालत नाहीत. हवी तितक्या वेळा पुन्हा द्या, पण पंचवीस सप्टेंबरला शिकार सुरू होते, त्याआधी.

तोवर कसाबसा सुटत आलेला तो पुढच्या वसंतात नापास झाला. ऑगस्टमध्ये दोनदा झाला. सप्टेंबरात मी कागद खाली उतरवत असताना एर्लेन माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सिग्ने, मामाचे डोळे गेलेत का गं?"

"मला कसं कळणार? मी भोकं मोजते, डोळे नाही."

"तूच सांगतेस का त्याला? खडकाशी दुसऱ्या कोणाला तरी उभं करावं लागेल. शिकारीआधीच्या शेवटच्या गुरुवारपर्यंत थांबतो मी. नंतर नाही थांबता येणार."

"म्होरक्या तू आहेस, भाचाही तूच आहेस," मी म्हटलं. "दोन्ही पगार तूच घे."

शेवटी त्यानेच मामाला सांगितलं, की गुरुवारीही जमलं नाही तर खडकाशी दुसरा उभा राहील. वॅफल भाजायच्या टपरीमागे, टोपी हातात घेऊन. ओस्मुंडने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मी काय करायचं तिकडे?"

"शेकोटी सांभाळ, मामा. कॉफी बघ."

ओस्मुंडची कॉफी आम्ही प्यालेलो आहोत. तरी कोणी हसलं नाही. बंदुकीची पिशवी खांद्याला लावून तो चालत निघाला, गाडी तिथेच विसरून. निम्म्या रस्त्यातून परत आला तेव्हा आम्ही सगळे कुठेतरी दुसरीकडे बघत होतो.

मला त्याचा राग आला होता. अर्ध्या तासाचं काम दोन वर्षं अडवून धरायचं, याला काय म्हणायचं? पण घरी येऊन मेंढ्यांना आत घेताना राग उतरत गेला. तो खडक नसला तर ओस्मुंड म्हणजे काय उरतो, हे मला माहीत होतं. ट्रक गेला, गुडघे गेले. हिवाळाभर तो त्या एका आठवड्यासाठी काडतुसं भरतो. मी जॅमच्या बरण्या बाजूला केल्या, डबा काढला, आणि जीव थोडा तुटलाच माझा, पण पूल ओलांडून ब्रेन्नांकडे गेले.

बोर्गहिल्ड बटाटे सोलत होती. ओस्मुंड टेबलाशी बसून ब्रेडवर तपकिरी चीज ठेवत होता, एकावर एक, खायचं विसरून. मी डबा त्याच्या पुढ्यात ठेवला.

त्याने लेबल वाचलं. मग सील बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "तू तर तळाशी खरवडत होतीस."

"सगळ्यांसारखीच खरवडत होते. घे. दुर्बिणीला हात लावायला नको, काही नको. जुनी भर, गुरुवारी ये, पास हो, आणि माझं डोकं खाऊ नकोस."

"पाहा गं बाई," बोर्गहिल्ड म्हणाली, "चाळीस वर्षांत मला फूल आणलं नाही याने, आणि याला बायका घरी येऊन पावडर देतात."

ओस्मुंड हसला नाही. त्याने डबा दोन्ही हातांनी उचलला आणि परत ठेवला. मला वाटलं होतं त्याचा चेहरा उजळेल. उलट तो घाबरल्यासारखा दिसला. मला काही कळेना. पाणी मागणाऱ्याला पाणी दिलं आणि तो पेल्याकडे बघत बसला, असं झालं ते. "ठीक आहे," एवढंच म्हणाला.

गुरुवारी सकाळी बोर्गहिल्डचा फोन. "सिग्ने, तू काय आणून ठेवलंस माझ्या घरात?"

"का, काय झालं?"

"टेबलावर ठेवलाय आणि समोर बसलाय. उघडत नाही. मी म्हटलं, अरे, भर ना, आज जायचंय. तर म्हणतो, बघू. कुत्र्याला बाहेर काढलं, रेडिओ बंद केला, मीसुद्धा बाहेर जाऊन आले, तरी बसलाय तसाच."

"मग गोळ्या कुठल्या घेऊन येणार तो?"

"मला काय विचारतेस? मी फक्त बटाटे सोलते."

संध्याकाळी मैदानावर अख्खा गट हजर. म्हणायला वॅफल खायला आले होते. ओस्मुंड आला, कोणाकडे न बघता चटईवर आडवा झाला आणि पाच गोळ्या झाडल्या. मी मैदानावरच्या मोठ्या दुर्बिणीतून कागद बघितला. तीन आत, दोन खाली. कोंबड्यांचे दाणे. मी आकडा सांगितला आणि त्या एका शब्दाची वाट बघू लागले. सगळेच बघत होते.

तो शब्द आला नाही.  ओस्मुंड उठून बसला आणि म्हणाला, "कोणाकडे नाणं आहे का?"

आजकाल कोणाच्या खिशात नाणं असतं? सगळे फोनवरून पैसे देतात. म्होरक्या खिसे चाचपतोय, बाकीचे खिसे चाचपतायत, आणि शिकारीचा अख्खा हंगाम एका नाण्यासाठी अडलाय. शेवटी टपरीतल्या जुन्या डब्याच्या तळाशी एक सापडलं, जॅमने चिकट झालेलं. ओस्मुंडने ते पँटला पुसलं, दुर्बिणीवरची टोपणं काढली आणि स्क्रू फिरवला. टक. टक. इतकी शांतता होती की प्रत्येक टक मला मोजता आली असती. दोन वर्षांची पाहुणी त्या संध्याकाळी घरची झाली.

त्याने नेम बसवायला काही गोळ्या झाडल्या, पुन्हा स्क्रूला हात लावला, पुन्हा झाडल्या. मग मला म्हणाला, "आता मोजायच्या."

पहिली, दुसरी, तिसरी, चौथी आत. पाचवीच्या वेळी तो फार थांबला. एर्लेन मैदानावरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसला होता. गोळी सुटली आणि त्याचा चेहरा पडला. "बाहेर," तो म्हणाला, अगदी हळू.

ओस्मुंडने बंदूक खाली ठेवली. आम्ही सगळे जमिनीकडे बघत होतो, आणि तेव्हा तो स्पष्ट म्हणाला, "हात हलला. माझाच हात हलला."

मी आजवर त्याच्या तोंडून बरंच काही ऐकलं आहे, पण हे कधी ऐकलं नव्हतं.  मी कागदाकडे चालू लागले, एर्लेन मागोमाग. जवळ जाऊन वाकलो. पाचवं भोक वर्तुळाच्या खालच्या अंगाला होतं आणि त्याची कड काळ्या रेषेत घुसली होती. रेषेला शिवलं की आत, हा नियम आहे. कोणाच्या भल्यासाठी मी खोटं बोलत नाही, बोलले असते तर गेल्या महिन्यातच बोलले असते. मी एर्लेनला म्हटलं, "तू बघ, भाच्या. नीट बघ." त्याने बघितलं, बोटाने रेष चाचपली, पुन्हा बघितली. मग मागे वळून ओरडला, "मामा, कॉफी दुसरा कोणीतरी करेल."

शिकार नेहमीसारखी झाली. पावसाने भिजलो, कुत्री हरवली, सापडली. खडकाशी ओस्मुंड होता. तिसऱ्या दिवशी तिथून गोळीचा एकच आवाज आला आणि दुसरा आला नाही, तेव्हाच आम्हाला कळलं, एल्क पडला.

मांस वाटायचं ते एर्लेनच्या गोठ्यात. फरशीवर सारखे ढीग लावायचे. एकाने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दुसऱ्याने ढिगावर काठी टेकवून विचारायचं, "हा कोणाचा?" पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. म्हणजे चांगल्या तुकड्यावरून भांडण नको. त्या वर्षी भिंतीकडे तोंड ओस्मुंडचं आणि काठी माझी. त्याने नावं घेतली, आम्ही ढीग उचलले. माझी पेटी गाडीत ठेवायला गेले तर मांसाच्या कागदाखाली काहीतरी कडक लागलं. डबा. सील जसंच्या तसं.

ओस्मुंड बाहेर नळावर सुरी धूत होता. मी डबा त्याच्यापुढे धरला. "हे काय? वापरली का नाहीस?"

"ठेव तुझ्याकडे."

"अरे, तुझ्याच जातीची आहे. चाळीस वर्षं हिच्यासाठी जीव टाकलास."

"म्हणूनच." त्याने सुरी उलटसुलट करून बघितली. "त्या दिवशी ही भरली असती आणि तरी चुकलो असतो, तर मग काय म्हणालो असतो मी?"

मी नळ बंद केला.

"आणि ते मैदानावर मी जे बोललो," तो म्हणाला, "हाताचं. ते तू ऐकलं नाहीस."

"काय बोललास? मी कागद बघत होते."

"बरं," तो म्हणाला. "मग हा बंदच राहू दे. एकाहत्तर वर्षांचा झालो, सिग्ने. अजून चुकायचं बरंच बाकी आहे. हा डबा उघडला की त्या चुका कोणाच्या नावावर टाकू?"

डबा मी जॅमच्या बरण्यांमागे परत ठेवला. या वसंतात पहिल्याच सरावाला माझ्या दोन गोळ्या ताटाबाहेर गेल्या. एकीने तर आकृतीलाही शिवलं नाही. कागद आणायला ओस्मुंड गेला होता. परत येऊन त्याने तो माझ्या हातात दिला, भोकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि थांबला.

"पावडर," मी म्हटलं.

"पावडरच," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी कॉफी ओतायला गेला.